आक्काची पुडी

श्रीरामपूर,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय आक्का,
सविनय जय भीम.

भीमराज काल येऊन गेला. ट्रॅक्टरचं काही सामान घ्यायला आलो होतो म्हणाला. पिशवी दारातूनच दिली. आत ये, चहा घे म्हटलं, तर "कारखाना सुरू व्हायचाय मावशी, लई कामं हायती" म्हणून निघून गेला. पिशवीत बाजरीचं पीठ होतं, शेवग्याच्या शेंगा होत्या आणि तळाशी कागदात बांधलेल्या पुड्या. चिठ्ठी नव्हती. मी पिशवी उलटी करून झटकूनसुद्धा पाहिली.

पुड्या कसल्या म्हणून त्याला फोन केला. तो म्हणाला, "गुडघ्याच्या हायेत. बुधवारच्या बाजारात एक जीपवाला येतो, त्याच्याकडच्या. आई पावसाळ्यापासून खाती. आता बघा, पार वढ्यापल्याड कापूस येचायला जाती."

तुझा मुलगा असं म्हणतो म्हणजे खरंच असणार. मे महिन्यापासून तू माझं नाव काढत नाहीस असं तुझ्या सुनेकडून, शुभांगीकडून कळलं होतं. तरी माझे गुडघे तुझ्या लक्षात राहिले. पुड्या हातात घेऊन मी किती तरी वेळ बसून होते.

तुला ऐकू येत नाही, त्यामुळे फोनवर बोलायची सोय नाही. आणि हे भीमराजच्या तोंडून सांगण्यासारखंही नाही. म्हणून पत्र लिहिते. तू वाचशील ना? तुला चौथीपर्यंतच शिकू दिलं, पण माझ्या शाळेतल्या कितीतरी बायांपेक्षा तुझं वाचन चांगलं आहे. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

मे महिन्यात भीमराजच्या संस्कृतीच्या लग्नाला मी आले नाही. घरी पाहुणे आलेत असं कळवलं. आक्का, कोणी पाहुणे नव्हते. मी नवीन लुगडं नेसून, नातीचा आहेर घेऊन स्टँडवर आले होते. नेवाशाची गाडी लागली. गर्दी नेहमीची. मी दांडी धरली, पाय उचलला, तर तो पायरीपर्यंत जाईचना. दुसरा पाय उचलून पाहिला, तर ज्यावर उभी होते तो गुडघा लटपटायला लागला. मागून माणसं म्हणायला लागली, "आजी, चढा लवकर", "आजी, बाजूला तरी व्हा". मी बाजूला झाले. सगळे चढले. कंडक्टरनं घंटी मारली. मी तशीच उभी होते. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, पण "थांबा जरा, मला चढायला वेळ लागतो" एवढं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

खरं सांगायचं तर गाडी गेल्यावर मला थोडं सुटल्यासारखंही वाटलं. कारण तुमच्याकडचा संडास खाली बसायचा. मी बसले की उठता येत नाही. इथं मी खुर्चीचा संडास बसवून घेतलाय, ते माझ्या मुलाला, अमृतलाही सांगितलेलं नाही. त्याला सांगितलं की तो पुण्याला चल म्हणून मागे लागेल. लग्नघरात, एवढ्या माणसांत, मी कोणाला हाक मारणार होते?

हे असं होतं. तुझा अपमान करायचा नव्हता.

पुडी घेऊ की नको, ते ठरत नाही. नाव नाही, गाव नाही, नुसती खाकी पूड. भीती वाटते. पण तू घेतेस.

तुझी,
पुष्पा

श्रीरामपूर,
८ डिसेंबर २०२४

प्रिय आक्का,
सविनय जय भीम.

तुझं पत्र आलं. चारच ओळी, पण तुझ्या अक्षरात. "येडे, मला सांगायचं हुतं. मी तुला गाडीत उचलून टाकायला भीमराजला पाठवला आस्ता." मी हसले आणि मग डोळ्यांत पाणी आलं.

पुडी घेतली. पहिल्याच आठवड्यात गुडघ्याची सूज उतरली. सकाळी उठल्यावर माझे पाय लाकडासारखे व्हायचे, बिछान्याच्या कडेला बसून आधी ते चोळायला लागायचे. आता डोळे उघडले की मी उभी. गच्चीवर जाऊन मिरच्या वाळत घातल्या. भाजीबाजारात चालत गेले आणि चालत आले. शेजारच्या पुष्कळ बाया विचारतात, बाई, काय करता तुम्ही? मी नुसतं हसते. तुझी पुडी संपत आली म्हणून भीमराजला अजून आणायला सांगितलंय.

एवढं बरं वाटत असताना कुरकुर करू नये. पण भूक फार लागते. जेवून उठले की परत काहीतरी खावंसं वाटतं. झोपही नीट लागत नाही, छातीत धडधडतं. तुला असं होतं का? होत असेल तर लिही. होत नसेल तरी लिही.

निवृत्त झाल्यावर मला कोणी म्हटलं असतं की तुझी सगळी काळजी एका गुडघ्यात येऊन बसेल, तर मला खरं वाटलं नसतं. आता तो बरा झालाय तर काळजी दुसरीकडे कुठं तरी जाऊन बसलीय. स्वभाव म्हण.

तुझी,
पुष्पा

श्रीरामपूर,
६ जानेवारी २०२५

प्रिय आक्का,

हे पत्र आधी पूर्ण वाच, मग काय रागवायचं ते रागव. आणि वाचून होईपर्यंत पुडीचं काहीएक करू नकोस.

महिनाभरात माझा चेहरा गोल झाला. शेजारीण म्हणाली, तब्येत सुधारली. मलाही तसंच वाटलं. मग हाताला कुठं जरा काही लागलं की निळे डाग पडायला लागले. पाणी किती पिते याचा हिशेब राहिला नाही. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली, रक्तदाबही वाढलेला. मला आजवर साखर कधी नव्हती.

डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, सांधेदुखीसाठी कुठली पावडर घेता?"

मी म्हटलं, "झाडपाल्याची आहे."

ते म्हणाले, "झाडपाला असेलही. पण त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार. पहिल्या आठवड्यात पळायला लागलात ना?"

मी मान हलवली. त्यांनी समजावून सांगितलं ते तुला माझ्या शब्दांत सांगते. आपल्या शरीरात असलाच एक रस रोज थोडा थोडा तयार होतो. त्यावर आपली ताकद चालते. बाहेरून तो भरपूर मिळायला लागला की शरीर आपला रस बनवायचं सोडून देतं. दुखणं दबतं, पण गुडघा होता तसाच झिजत राहतो. वर साखर, रक्तदाब, हाडं पोकळ होणं हे सगळं येतं.

आता मुख्य गोष्ट. पुडी एकदम बंद करायची नाही. एकदम बंद केली तर शरीराकडे आपलाही रस नसतो आणि बाहेरचाही नसतो. माणूस गळून जातो, उलट्या होतात, जिवावर बेततं. डॉक्टरांनी मला त्याच औषधाच्या मोजून गोळ्या दिल्यात, त्या हळूहळू कमी करायच्या. मी तर जेमतेम दीड महिना घेतली. तू पावसाळ्यापासून घेतेस. 

म्हणून तू आहे तशी पुडी चालू ठेव आणि भीमराजला घेऊन नेवाशाला मोठ्या डॉक्टरकडे जा. पुडी सोबत ने, डॉक्टरला दाखव.

माझं दुखणं परत आलंय. गोळी कमी झाली तसे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी मला निकिता नावाच्या मुलीकडे पाठवलं, ती व्यायाम शिकवते. मी तिला म्हटलं, "चाललं की दुखतं, मग चालायचं कशाला?" ती म्हणाली, "न चालल्यानं मांडी सुकते. मग सगळं वजन गुडघ्यावर येतं. मांडी बळकट झाली की ती वजन उचलते." खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि धरून ठेवायचा, असलं काहीतरी पोरखेळासारखं करायला लावते. मांडी थरथरते तेव्हा कळतं की पोरखेळ नाही.

आक्का, तू मला प्रेमानं पाठवलंस. तुझ्यावर बोट ठेवत नाही. पण माझं ऐक.

तुझी,
पुष्पा

श्रीरामपूर,
१८ जानेवारी २०२५

आक्का,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. "तुला माझं दिलेलं गोड लागत न्हाई. मी इख पाठवलं का तुला? सगळ्या पुड्या उकिरड्यात टाकल्या. आता झालं तुझं समाधान?"

टाकल्या कधी? पत्रावर तारीख नाही. पोस्टाचा शिक्काही वाचता येत नाही.

मी लगेच भीमराजला फोन केला. तो कारखान्यावर उसाच्या रांगेत होता, मागं ट्रॅक्टरचे आवाज. म्हणाला, "आई बरी हाय मावशी. जरा मळमळतंय, पडून आस्ती. थंडीचं आसंल."

मी म्हटलं, "तिला दवाखान्यात ने. आज ने."

"गावातल्या डाक्टरनं सलाईन लावलंय की. माझा नंबर लागलाय, गाडी सोडून कसा येऊ? उद्या-परवा बघतो."

मी त्याला सगळं सांगितलं. तो हो हो म्हणत राहिला. आपल्या माणसांना म्हातारीचं मळमळणं हे काही कारण वाटत नाही. त्याचाही दोष नाही, हंगाम आहे, पण माझ्या डोळ्यांपुढून तू हलत नाहीस. शुभांगीला फोन केला, तो लागला नाही. परत केला, परत नाही.

हे पत्र मी कशासाठी लिहितेय ते मलाच कळत नाही. तुझ्यापर्यंत पोचायला चार दिवस लागतील. तोवर काय? लिहिल्याशिवाय हात स्वस्थ बसत नाहीत, म्हणून लिहितेय. हे पत्र पोस्टात न टाकता मीच यावं हे बरं. उद्या सकाळची गाडी आहे.

पायरीचं काय करायचं ते उद्या बघू.

पुष्पा

श्रीरामपूर,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय आक्का,
सविनय जय भीम.

शुभांगीनं निरोप दिला की तुला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही आणि घरातली माणसं प्रत्येक जण वेगळं सांगतात, म्हणून मी लिहून पाठवावं. तर ऐक.

सकाळी स्टँडवर गेले. काठी होती, पिशवीत माझ्याकडची उरलेली एक पुडी होती. गाडी लागली आणि गर्दी धावली.  निकितानं घरच्या ओट्याच्या पायरीवर सराव करून घेतला होता, चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. पण ओट्याची पायरी कुठं आणि एसटीची कुठं. मी दोन्ही हातांनी दांडी धरली. मागून एक माणूस म्हणाला, "चला आजी, चला."

मी वळून त्याला म्हटलं, "थांबा जरा. मला चढायला वेळ लागतो."

तो थांबला. त्याच्या मागचेही थांबले.  डावा पाय पायरीवर ठेवला, दांडीनं अंग वर ओढलं, गुडघ्यातून कळ थेट कमरेपर्यंत गेली, आणि मी आत होते. कंडक्टर बाईनं दारापाशीच जागा करून दिली. मी मे महिन्यापासून ज्याला घाबरत होते ते एवढंच होतं. मला रडू आलं, पण तुझ्या काळजीनं ते पुरतं रडताही आलं नाही.

फाट्यावरून रिक्षा केली. घरी पोचले तर शुभांगी ओसरीत कपाळाला हात लावून बसलेली. मला बघून ती उठलीच. "मावशी, तुम्ही कशा आलात? माझा फोन पाण्यात पडला हो. आत्याबाई कालपासून काही खात न्हाईत. सलाईन लावलं का तेवढ्यापुरतं बरं, मग पुना तसंच."

तू आत खाटेवर होतीस. अंग गार, कपाळावर घाम, ओठ सुकलेले. मी तुझ्या तोंडाजवळ वाकून मोठ्यानं हाक मारली. तू डोळे अर्धे उघडलेस आणि मला म्हणालीस, "आई, पानी दे."

आक्का, मी तुझ्याहून लहान आहे. तू मला आई म्हणालीस. मी खाटेची कड धरली.

शुभांगीला म्हटलं, आत्ताच्या आत्ता नेवाशाला न्यायचं. ती घाबरली. "ते आल्याबिगर कसं न्यायचं? मला बोलतील."

"त्याला माझ्या फोनवरून सांग, दवाखान्यात ये म्हणावं. बोलायचं तर मला बोलेल."

 ती पदर खोचून शेजारच्यांचा टेम्पो सांगायला पळत गेली. ती मुलगी धीराची आहे. तिला जप.

तुला टेम्पोत घालायला चार माणसं लागली. मी मागं खाली गोधडीवर बसले आणि तुझं डोकं मांडीवर घेतलं. जमिनीवर बसायला मला डॉक्टरांनी मनाई केलीय, पण त्या वेळी ते कोणाला सुचतं. सगळ्या रस्ताभर मी तुझ्या छातीकडे बघत होते, वरखाली होतेय ना. एखाद्या खड्ड्यानं टेम्पो उडाला की मला वाटायचं, थांबली. मग परत हलायची. दवाखान्याच्या दारात तुला उतरवलं, आणि मग कळलं की मला उठताच येत नाही. दोन्ही पाय आखडून गेलेले. वॉर्डातला माणूस तुला ठेवून परत आला आणि मलाही उचलून उतरवलं. तो विचारत होता, "पेशंट नेमकं कोण?"

मी डॉक्टरना पुडी दाखवली, तू किती महिने घेत होतीस आणि कधी टाकलीस ते शुभांगीनं सांगितलं. माझ्या श्रीरामपूरच्या डॉक्टरांना फोन लावून दिला, ते दोघं आपसांत बोलले. तुझा रक्तदाब जवळजवळ मिळतच नव्हता, साखर खाली गेलेली. त्यांनी सलाईनमधून तेच औषध दिलं जे तुझ्या शरीराला मिळत नव्हतं. मला बाकावर बसायला सांगितलं. मी बसले नाही. व्हरांड्यात काठी टेकत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. बसले असते तर नको नको ते मनात आलं असतं.

भीमराज आला. अंगाला उसाचा वास, पायात चप्पल नाही. मला बोलला नाही. माझ्याजवळ येऊन नुसता उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मला वाटलं थंडीचं आसंल." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दिवस कलताना नर्स बोलवायला आली. तुझे डोळे पूर्ण उघडे होते. मी तुझ्या कानाशी वाकले. तूच आधी बोललीस.

"तू कशाला आलीस? तुझ्या घरी पाहुनं आस्तील."

हे तुला आठवत नसलं तरी मी शपथेवर सांगते, हेच म्हणालीस. भीमराज हसला आणि मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

नंतर तुझ्या घरी आठवडाभर राहिले ते तुला ठाऊकच आहे. शुभांगीनं जुन्या खुर्चीची बैठक कापून मला संडासाची सोय करून दिली, काही न विचारता. मी वर्षभर ज्या गोष्टीला लाजत होते ती तिनं अर्ध्या तासात निकालात काढली.

गोळ्या वेळेवर घे. एकही चुकवू नकोस. चुकली तर लगेच शुभांगीला सांग.

तुझी,
पुष्पा

श्रीरामपूर,
१२ मार्च २०२५

प्रिय आक्का,
सविनय जय भीम.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. "तू मला वाचवलं आन् लंगडी करून ठेवलं. पुडी हुती तवा मी कापूस येचत हुते. आता मोरीपत्तूर जायला भिंत धरावी लागती. आसं जगून काय करू?"

तुला खोटं सांगणार नाही. माझं दुखणं गेलेलं नाही. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, झिजलेला गुडघा परत नवा होत नाही, फार झालं तर पुढं ऑपरेशन आहे, तोवर त्याच्याशी जुळवून घ्यायचं. आज सकाळीही उठले तेव्हा पाय लाकडाचे होते. गरम पाण्याच्या फडक्यानं शेकले, बसल्या बसल्या ते सरळ करून धरले, मग दुधाच्या केंद्रापर्यंत चालून आले. येताना दोनदा थांबावं लागलं. दुधाच्या केंद्राला ओटा आहे, तिथं लोक मला बसायला जागा देतात. आधी मला याची लाज वाटायची, आता मीच मागून घेते.

काही दिवस असे येतात की मलाही पुडीची आठवण येते. गच्चीवर मिरच्या घातल्या होत्या त्या सकाळची. ते सुख खरं होतं, आक्का. फक्त ते आपलं नव्हतं.

तू भिंत धरून चालतेस ना, मग भिंत धरूनच चाल, पण चाल. आधी मोरीपर्यंत, मग ओसरीपर्यंत. गुडघा जास्त दुखतो त्याच्या उलट्या हातात काठी धर. खुर्चीतून उठताना हाताचा आधार कमी कमी करत जा. शुभांगीला मी दाखवून आलेय, तिला सोबत बसव. आणि पडून राहू नकोस. तू खाट धरलीस असं ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढं टेम्पोतला तुझा चेहरा येतो.

शुभांगी म्हणत होती, तो जीपवाला अजून येतो. तुमच्या गावातली गोजरबाई अजून त्याची पुडी घेते.  बुधवार उजाडला की दुपारपर्यंत मी फोनकडे बघत असते. तू घेणार नाहीस असं मला वचन नको, वचनं दुखण्यापुढं टिकत नाहीत हे मला माझ्यावरून कळतं. एवढंच कर, ज्या दिवशी असह्य होईल त्या दिवशी आधी मला लिही. पत्र पोचेपर्यंत चार दिवस जातात. तेवढ्यात दुखणं थोडं उतरतं. मी करून पाहिलंय.

तुझी,
पुष्पा

श्रीरामपूर,
१० एप्रिल २०२५

प्रिय आक्का,
सविनय जय भीम.

काल बुधवार. रात्री शुभांगीचा फोन आला. "मावशी, आत्याबाईंनी आज काय केलं ते ऐका" म्हणाली. मला वाटलं, घेतली.

ती भाजी घ्यायला बाजारात गेली होती. बघते तर तू. काठी टेकत, डोक्यावर पदर, जीपच्या रांगेत उभी. ती म्हणाली, "मावशी, माझ्या हातातली मेथी खाली पडली." तुला हाक मारून उपयोग नाही, म्हणून ती लोकांतून वाट काढत तुझ्याकडे यायला लागली. तोवर तुझा नंबर आला होता.

जीपवाल्यानं पुडी पुढं केली. तू म्हणालीस, "ह्यात काय काय घातलंय?"

"जडीबुटी हाय आजी."

"मला ऐकू येत न्हाई. लिहून दे."

त्यानं हसत एका कागदावर लिहिलं, जडीबुटी. तू तो चष्म्याला लावून वाचलास आणि परत दिलास. "नावं लिही एकेकाची. आन् खाली तुझी सही कर, गाव टाक."

तुला ऐकू येत नाही म्हणून तू मोठ्यानं बोलतेस, त्यामुळं अर्ध्या बाजारानं ऐकलं असणार. रांगेतल्या बाया पुढं सरकल्या. तो म्हणाला, "घ्यायची तर घ्या, न्हाईतर सरका." तू सरकली नाहीस. गोजरबाई मागून म्हणाली, "लिही की रं, लिहायला काय झालं?" मग आणखी एक जण म्हणाली. त्यानं लिहिलं नाही. माल संपला म्हणाला आणि जीपचं मागचं फळकूट लावून घेतलं.

शुभांगी सांगत होती, हसत होती. मीही हसले. पण मला माहीत आहे, तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या बाजारात बसेल आणि तिथं तू नसशील. गोजरबाईला मात्र तू हातानं धरून डॉक्टरकडे पाठव. तिलाही एकदम बंद करू देऊ नकोस, हे तिला आधी सांग. विसरू नकोस.

शुभांगी आणखी एक म्हणाली. तुझ्या मुठीत पैसे होते. तू विचारायला गेली होतीस की घ्यायला, ते मी विचारत नाही. मला नको आहे ते कळायला.

मला दुसरंच विचारायचं आहे. घरापासून बाजार एवढा लांब. भिंत धरून चालणारी तू. वाटेत ओढा, त्याच्या पलीकडचा चढ, एप्रिलचं ऊन. शुभांगी म्हणाली, पडलेली मेथी उचलून ती परत येईपर्यंत तू तिथून गेली होतीस, आणि ती घरी आली तेव्हा तू ओसरीत बसून पाणी पीत होतीस. गाडीवर आलीस का, असं तिनं विचारलं तर तू नुसती मान हलवलीस म्हणे, आणि हो का नाही ते तिला समजलं नाही. कालपासून मी ह्या एकाच गोष्टीपाशी अडकलेय, तू तुझ्या पायांनी चालत गेलीस का?

बाकी राहू दे. जाताना कुठं कुठं बसलीस, परत कशी आलीस, एकटी आलीस की कोणी सोबत होतं, आणि रात्री पाय किती दुखले, एवढं सविस्तर कळव.

तुझी,
पुष्पा